जुनी मोटार, नवे कर्ज आणि जामीनदाराची सही

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात बारामती येथे दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर विवाहखर्च, विद्यार्थ्यांचे वसतिगृह, मुलींचे उच्च शिक्षण अशा गंभीर विषयांवर व्याख्याने झाली. यंदा चिटणीसांनी मजकडे जो विषय सोपविला तो ऐकून काही वडीलधारी मंडळी चमकली असतील. एखाद्या तरुणास जुनी स्पोर्ट्स मोटार दुसऱ्या खाजगी मालकाकडून विकत घ्यावयाची झाली, तर त्यासाठी पैसा कसा उभा करावा, हा तो विषय होय. असल्या चैनीच्या वस्तूची चर्चा ज्ञातिसंमेलनात कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. पण माझ्या आयुष्यातील बरीच वर्षे कर्जखात्याच्या टेबलामागे गेली, आणि निवृत्तीनंतरही आपल्यांतील जी कुटुंबे कागद घेऊन माझ्या ओसरीवर येतात, त्यांतील पुष्कळांच्या हाती मोटारीचेच कागद असतात. मोटार एकट्या मुलाची असते. कर्ज मात्र साऱ्या घराचे, आणि पुष्कळदा शेजारच्या घराचेही असते. म्हणून विषय आपलाच आहे.

मोटारीची हौस या मुलुखास नवी नाही. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर ज्यांनी साखर कारखाना उभारून वालचंदनगर वसविले, त्याच शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या आणि पुढे फियाटच्या परवान्याने जी छोटी गाडी निघाली तिने दोन पिढ्यांचे संसार वाहिले. त्या काळी नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे वापरलेल्या गाडीलाही भाव चढा असे आणि जुनी गाडी घेणारास कोणी उधळ्या म्हणत नसे. आज स्थिती उलट झाली आहे. नवी गाडी मागाल त्या दिवशी दारात उभी राहते, कर्जही सोबत येते. जुनी, वेगवान आणि दुर्मीळ गाडी हीच आता हौसेची वस्तू ठरली आहे.

आपल्या तरुणांच्या बोलण्यात जी नावे येतात त्यांतील एक उदाहरणादाखल घेतो. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यात, फियाटने ‘अबार्थ पुंटो’ नावाची मोटार तयार केली. ती २०१५ च्या ऑक्टोबरात बाजारात आली. दिसावयास साधी, पण १४५ अश्वशक्तीची. पुढे फियाटने या देशात प्रवासी मोटारी विकणेच थांबविले. ही गाडी आता नवी मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणूनच ती हवीशी वाटते. पाटस-बारामती-इंदापूर असा पालखी मार्ग रुंद झाल्यापासून तर ही ओढ अधिकच वाढली आहे. रस्त्याच्या भूसंपादनाचा मोबदला काही घरांत आला, त्या घरांत मोटारीची गोष्ट प्रथम निघते हे मी पाहिले आहे. तेव्हा हौस मोडून काढावी असे मी म्हणत नाही. रात्रंदिवस पाण्याच्या पाळ्या सांभाळणाऱ्या मुलाने वर्षातून चार वेळा भिगवणपर्यंत भरधाव नव्हे पण ऐटीत जाऊन यावे, यात गैर काय? (गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रेलरांमागे ती ऐटही फारशी टिकत नाही, ही गोष्ट वेगळी.)

आता पैशाकडे वळू. समजा, पुण्यातील एका गृहस्थाकडून अशी दहा वर्षे उलटलेली मोटार सहा लाखांस ठरली. मुलगा बँकेत जातो. बँक प्रथम वय विचारते, मुलाचे नव्हे, मोटारीचे. अनेक सावकारी संस्थांचा व बँकांचा नियम असा असतो की कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेल त्या दिवशी गाडीचे वय सुमारे दहा वर्षांपलीकडे जाता कामा नये. कोठे एखाद-दोन वर्षांची सूट असते, कोठे तीही नाही. म्हणजे ज्या गाडीला आजच दहा वर्षे झाली तिच्या तारणावर कर्ज बहुधा मिळतच नाही. गाडी थोडी अलीकडची असली तरी बँक सौद्याची किंमत मानीत नाही. ती आपला मूल्यमापक पाठविते, आणि मूल्यमापक दुर्मीळपणाला किंवा लाल रंगाला किंमत देत नाही. त्याने साडेचार लाख लिहिले, की त्याच्या काही टक्के एवढेच कर्ज. उरलेले दीड-दोन लाख मुलाने स्वतःचे घालावयाचे. व्याजाचा दरही नव्या गाडीपेक्षा बराच चढा असतो. बँकेचा हा हात आखडता का, हे तरुणांनी समजून घ्यावे. तिला मुलाविषयी संशय नसतो. उद्या गाडी जप्त करून विकावी लागली तर तिला गिऱ्हाईक किती दिवसांनी मिळेल, एवढेच ती पाहते. ज्या गाडीचे सुटे भाग मिळविण्यास पुण्या-मुंबईच्या बाजारात आठ-आठ दिवस हिंडावे लागते, तिला गिऱ्हाईकही तसेच विरळा.

बँकेने नाही म्हटले की खरी गोष्ट सुरू होते. मुलगा परत येतो तो गाडीचा नाद सोडून नव्हे, तर पैशाची दुसरी वाट शोधीत.

पहिली वाट म्हणजे घराशेजारचा खाजगी वित्तपुरवठादार. तो कागद कमी मागतो आणि दर ‘फक्त बारा टक्के’ सांगतो. हे बारा टक्के सरळ व्याजाचे असतात, घटत्या बाकीवरचे नव्हे. हा फरक पाटीवर मांडून पाहा. चार लाखांचे कर्ज, मुदत तीन वर्षे. सरळ बारा टक्क्यांनी व्याज १,४४,००० रुपये आणि हप्ता सुमारे १५,१११ रुपये. तेच बारा टक्के घटत्या बाकीवर असते तर हप्ता सुमारे १३,२८६ रुपये आणि एकूण व्याज ७८,३०० च्या आसपास. म्हणजे बोलण्यातले बारा टक्के प्रत्यक्षात वर्षाला सुमारे एकवीस टक्के होतात. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून तिच्या नियंत्रणाखालील संस्थांना प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यांचे एक पत्रक देणे बंधनकारक केले आहे. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. ते पत्रक मागावे. जो देणार नाही त्याच्या दारातून तसेच मागे फिरावे. आणि ज्याच्याजवळ सावकारीचा परवानाच नाही त्याच्याकडून घेणे तर सर्वथा वर्ज्य. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा ठरविला आहे, पण कायदा दाराशी येईपर्यंत शेताचा कागद दुसऱ्याच्या कपाटात गेलेला असतो.

दुसरी वाट सोनेतारणाची. ती झटपट आहे आणि दरही त्या मानाने बरा. पण ते सोने कोणाचे? घरातील सुनेचे, तिच्या माहेरचे. गाडीच्या टर्बोसाठी पाटल्या गहाण पडतात, आणि सही करताना तिला विचारले जाते ते ‘येथे सही कर’ एवढेच. या सभेत बसलेल्या भगिनींना मी स्पष्ट सांगतो, स्त्रीधनावर प्रथम हक्क आपला आहे. नाही म्हणण्यात घराण्याचा कोणताही अवमान नाही.

तिसरी वाट सर्वांत मोहक, आणि आपल्या भागात सर्वांत रुळलेली. ती म्हणजे सोसायटीचे पीककर्ज. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्यास २०२१ पासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते. मुलगा हिशेब करतो की बँक मोटारीला पंधरा टक्के मागते, सोसायटी शून्य टक्क्याने देते, मग हे तीन लाख उचलून तिकडे लावू आणि मार्चमध्ये ‘नवे-जुने’ करून घेऊ. यात दोष कोठे आहे? पीककर्जाचा पैसा बेणे, खत आणि मशागत यांत जाऊन उसाच्या रूपाने परत येतो. मोटारीत घातलेला पैसा परत येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस तोडीस यावयास सोळा-अठरा महिने घेतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, यांपैकी कोणत्याही कारखान्यास ऊस घाला, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे पैसे चौदा दिवसांत मिळावयाचे असतात. पण तोड केव्हा येईल हे कोणाच्या हाती असते? मोटारीचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला उभा. एका वर्षी नवे-जुने जमले नाही की खाते थकबाकीत जाते, व्याजाची सवलत बुडते, आणि पुढील हंगामास खताला पैसा उरत नाही. मोटार दारात उभी आणि फड उपाशी, असे हे चित्र.

येथे मला आपल्याच तालुक्यातील एका जुन्या प्रसंगाची आठवण करून द्यावीशी वाटते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जरोखे रस्त्यावर आणून जाळले. तेव्हा हा भाग भीमथडी तालुका म्हणून ओळखला जाई. ते लोण इंदापूर, पुरंदर, शिरूरपर्यंत पसरले. त्याची कारणे पुस्तकांत सापडतात, पण एक कारण आजच्या विषयाशी अगदी लागून आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता येथील कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा खेळू लागला तसे कर्जही सहज मिळू लागले, आणि लोकांनी ते सहज घेतले. युद्ध संपले, भाव कोसळला. इंदापूर तालुक्याची तीस वर्षांची जमाबंदी संपून १८६७ साली सारा वाढला. कर्जे तेवढीच राहिली. अखेरीस १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा सरकारला करावा लागला. सुगीच्या काळात मिळालेले कर्ज दुष्काळात फेडावे लागते, हे त्या पिढीने फार महागात शिकून घेतले. त्या वेळी रोखे जाळता तरी आले. आजचा रोखा संगणकात असतो आणि थकलेल्या हप्त्याची नोंद देशातील प्रत्येक बँकेला दिसते.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभा आहे त्या गोष्टीकडे येतो. गाडीला कर्ज मिळत नाही तेव्हा पतसंस्था विनातारण कर्ज देते आणि दोन जामीनदार मागते. जामीनदार कोठून येतात? याच सभागृहातून येतात. मामा, साडू, मंडळातले स्नेही. चहा पिताना कागद पुढे येतो आणि ‘नुसती सही आहे’ असे सांगितले जाते. बंधूंनो, नुसती सही असा प्रकार कायद्यात नाही. १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम सांगते की करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराची मोटार विकावी आणि मग तुमच्याकडे यावे, असा आग्रह तुम्हांस धरता येत नाही. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. आणि ज्याने भाच्याच्या मोटारीला जामीन दिला त्याला स्वतःच्या मुलीच्या शिक्षणकर्जाच्या वेळी बँक विचारते, हे थकलेले खाते कोणते? भाऊबंदकी बांधावरून होते असे आपण म्हणतो. माझ्या पाहण्यात ती अलीकडे जामीनपत्रावरून अधिक होते. लग्नकार्यात एकमेकांच्या मांडवात न जाणारी दोन सख्ख्या बहिणींची घरे मला माहीत आहेत. कारण चार चाकांवर उभे होते, आणि ते आता भंगारात गेले आहे. म्हणून माझी विनंती अशी की शेतीस, शिक्षणास, आजारपणास जामीन द्यावा, कर्तव्य म्हणून द्यावा. हौसेच्या मोटारीस कोणी कोणाकडे जामीन मागू नये आणि कोणी देऊ नये. ‘आमच्या मंडळात तसा रिवाज नाही’ असे सांगता आले, की नकार देणाराच्या मनावरचा भार हलका होईल.

कागदांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण खाजगी सौद्यात मध्ये कोणी दुकानदार नसतो. जमीन घेताना आपण सातबाऱ्याचे ‘इतर हक्क’ सदर पाहतो. मोटारीच्या नोंदणीपुस्तकातही बोजाची नोंद असते. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर ती दिसते. बोजा असेल तर विकणाराची बाकी आपण थेट त्याच्या बँकेत भरावी, त्याच्या हाती देऊ नये. दुसरे, चासी आणि इंजिन यांचे क्रमांक स्वतः वाकून, हाताने पुसून, कागदाशी ताडून पाहावेत. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी ‘डीसी अवंती’ या देशी स्पोर्ट्स मोटारीच्या प्रकरणी गुन्हा नोंदविला. एकाच क्रमांकाच्या एकाहून अधिक गाड्या नोंदल्या गेल्या आणि एकाच गाडीवर अनेक कर्जे उचलली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे, त्याचा निवाडा करणे आपले काम नाही. पण असे घडू शकते अशी शंका जेथे येते, तेथे पाच मिनिटे वाकण्याचा आळस करू नये.

पुष्कळ सौदे मुद्रांकावरील लेखावर आणि एका हस्तांदोलनावर संपतात. परिवहन कार्यालयाच्या दप्तरात त्याने मालक बदलत नाही. नमुना २९ आणि ३० दाखल करून नाव बदलून घ्यावे लागते. राज्यातल्या राज्यात विकणाराने चौदा दिवसांत आणि घेणाराने तीस दिवसांत कळवावे, असा मोटार वाहन कायदा आहे. न बदलल्यास काय होते? सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार असा खटला निकालात निघाला. एक मोटार एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, नाव मात्र पहिल्याचेच राहिले होते. अपघात झाला. दप्तरी ज्याचे नाव तोच मालक आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची, असा निर्णय झाला. तेव्हा आपल्यांपैकी जे विकणारे आहेत त्यांनीही निजण्यापूर्वी नाव उतरले की नाही हे पाहावे. दिल्लीकडून स्वस्तात येणाऱ्या गाड्यांचा मोह पडतो. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले, म्हणून त्या तेथे स्वस्त झाल्या. त्यांना तेथील ना-हरकत पत्र लागते, आपल्या राज्याचा कर भरावा लागतो, आणि हे सर्व होऊन ‘एमएच ४२’ क्रमांक मिळेपर्यंत स्वस्ताई बरीच झिजते. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, शिवाय राज्याचा पर्यावरण कर निराळा. विम्याचेही नाव चौदा दिवसांत बदलून घ्यावे. आणि आधीच्या मालकाने इंजिनात किंवा धुराड्यात काही फेरफार केले असतील तर ते विमा कंपनीला आधी कळवावेत. न कळविल्यास अपघातानंतर ती हात वर करते.

मग घ्यावी तरी कशी, असे मागल्या रांगेतील तरुण विचारतील. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ एवढे सांगून मी त्यांची बोळवण करणार नाही, कारण अंथरूण किती लांब हेच त्यांना मोजून हवे आहे. माझ्या मते दहा वर्षांवरील मोटार ही साठवलेल्या पैशानेच घ्यावी. उसाच्या दोन हंगामांतून बाजूला काढलेली रक्कम मुदतठेवीत ठेवावी, आणि गाडी मिळाली त्या वेळी ठेव मोडावयाची नसेल तर तिच्याच तारणावर कर्ज काढावे. ठेवीच्या दराहून एक-दोन टक्के अधिक एवढेच त्याचे व्याज पडते, जामीनदार लागत नाही, आणि फसले तर आपलीच ठेव जाते, दुसऱ्याची नाही. मुदत दोन वर्षांहून अधिक नसावी. हप्ता ठरविताना उसाचे बिल धरू नये. दूध, पगार, भाडे अशी जी मिळकत महिन्याला येते तेवढीच धरावी. आणि किमतीच्या चौथ्या हिश्शाइतकी रक्कम हातात राखून ठेवावी, कारण असल्या गाडीचा क्लच किंवा टर्बो बदलावयाचा प्रसंग पहिल्याच वर्षी येतो असा जाणत्या मिस्त्र्यांचा अनुभव आहे. सौदा करण्यापूर्वी मिस्त्री स्वतःचा न्यावा, विकणाराचा नव्हे. हे सारे जमण्यास दोन वर्षे लागतात. तेवढ्यात हौस ओसरली तर ठेव उरतेच.

शेवटी एक किरकोळ वाटणारी पण नेहमी राहून जाणारी गोष्ट. कोणत्याही मोटारीचे कर्ज फिटले की बँकेकडून ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घ्यावा आणि बारामतीच्या परिवहन कार्यालयात लगेच दाखल करून बोजा उतरवून घ्यावा. पत्राची मुदत संपली तर ते पुन्हा मागावे लागते, आणि तोवर शाखाही बदललेली असते. ज्यांनी कर्ज फेडून वर्षे लोटली आणि नोंद तशीच राहिली आहे, अशांनी आपली पुस्तके भोजनोत्तर मजकडे आणावीत. मी मंडपाच्या उजव्या बाजूस बसलो आहे.